मदत हवी: शर्मनमध्ये रशियन ८५ मिमी तोफ, टरेट (तोफेचा फिरता बुरूज) कुठलं घेऊ?

मंडळी, नमस्कार.

१:३५ प्रमाणात रणगाड्याचं एक 'असं झालं असतं तर' छापाचं मॉडेल करायला घेतलंय. लेंड-लीजमधून (दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मित्रराष्ट्रांना दिलेली युद्धमदत) सोव्हिएत सैन्याकडे गेलेला अमेरिकन रणगाडा, डिझेलवाला शर्मन (एम-४ ए-२) आणि त्यात टी-३४-८५ या रशियन रणगाड्याची ८५ मिमी झिस-एस-५३ तोफ. काळ १९४४ चा वसंत. प्लास्टिकला करवत लावण्याआधी जाणकारांना विचारून घेतो.

व्यासाचं गणित जमतंय. शर्मनची टरेट रिंग (टरेट ज्यावर फिरतं ते कडं) साधारण १७५० मिमी, टी-३४-८५ ची १६००, म्हणजे इथे शर्मनच ऐसपैस. घोडं अडतंय ते तोफेच्या मागच्या जागेपाशी. ब्रिटिशांनी शर्मनच्या फायरफ्लाय या आवृत्तीत आपली १७ पाउंडर तोफ कोंबली, तेव्हा डागल्यावर तोफ मागे यायला जागा पुरेना. मग वायरलेस सेट टरेटच्या पाठीमागे वेगळ्या चिलखती पेटीत गेला, ब्रीच (तोफेचं गोळा भरायचं मागचं तोंड) आडवं केलं, लोडरसाठी (गोळे भरणाऱ्यासाठी) छताला नवं झाकण पाडलं आणि खाली पुढे बसणाऱ्या मशीनगनवाल्याला काढून त्याच्या जागी गोळे भरले. रशियन ८५ चा अख्खा राउंड (गोळा आणि काडतूस मिळून) सुमारे १६ किलोचा, शर्मनच्या ७५ मिमीचा ९ च्या आसपास. त्या खुराड्यात लोडर तो वळवणार कसा?

७६ मिमी तोफेच्या शर्मनचं मोठं टरेट घेतलं तर हा प्रश्न बराच हलका होतो, पण ते शर्मन रशियात पोचले १९४४ च्या उत्तरार्धात. माझी तारीख बोंबलते. दुसरीकडे, युद्धानंतर इस्रायलने एम-५० या आपल्या सुधारित शर्मनसाठी जुन्याच ७५ च्या टरेटमध्ये लांब फ्रेंच तोफ बसवली. पुढचा भाग वाढवला, मागे वजन जोडलं. म्हणून माझा कल जुन्या टरेटकडे आहे. मागची पेटी फायरफ्लायसारखी ठेवू की एम-५० सारखा भरीव ठोकळा? वायरलेस कुठे जाईल?

मित्राचा आक्षेप वेगळाच. त्याचं म्हणणं, ८५ च्या तोफा टी-३४ लाच हव्या होत्या, शर्मनला कोण देणार? मुद्दा बिनतोड आहे. पण रशियनांनी मटिल्डा या ब्रिटिश रणगाड्यात ७६ मिमी झिस-५ तोफ बसवून पाहिलीच होती, कारण तिच्या मूळच्या २ पाउंडर तोफेला स्फोटक गोळा मिळत नव्हता. प्रकरण नमुन्यापुढे गेलं नाही, तरी माझा शर्मनही कारखान्यातला एकुलता एक चाचणी-नमुना म्हणून खपेल ना?

एफ-३४ (टी-३४ ची आधीची ७६ मिमी तोफ) सुचवू नका, प्लीज. ती मूळ ७५ पेक्षा फारशी सरस नाही, एवढा खटाटोप कशाला.

आणि नगरच्या रणगाडा संग्रहालयात कोणी जाऊन आलं असेल, तर शर्मनचं टरेट मागून आणि बाजूने दिसेल असे फोटो इथे टाकाल का? छताचे मिळाले तर फारच उत्तम.