जुन्या सीजे-३बी जीपचे मूळ मापाचे बोल्ट कसे ओळखावेत?

उंच_बॉनेट, कोल्हापूर

नमस्कार. वडिलांनी वीस वर्षे चालवलेली १९६५ सालची महिंद्र सीजे-३बी जीप मी सध्या पूर्ण खोलून पुन्हा उभी करत आहे. इंजिन मूळचेच, म्हणजे पेट्रोलवरचे हरिकेन आहे. खोलताना निघालेले सगळे नट-बोल्ट मी डब्यांत भरून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, परंतु आता लक्षात येते आहे की जे निघाले तेच मूळचे होते असे मुळीच नाही. मधल्या काळात गाडी दोन-तीन हातांतून फिरली आणि प्रत्येकाने हाताला येईल तो बोल्ट बसवलेला दिसतो.

नेमकी अडचण अशी की वॉटर पंपाच्या चार बोल्टांपैकी तीन एकसारखे आहेत आणि चौथ्याच्या माथ्यावर ८.८ असा (मिमी मापाच्या बोल्टाची ताकद सांगणारा) आकडा आहे. तो चौथा बोल्ट त्याच्याच भोकात दोन-तीन आटे सहज जातो आणि मग अडकतो. पूर्वी तो पान्याच्या जोरावर आत गेला असावा. दुकानदार म्हणतात, ‘आठ एमएम आणि अडीच सूत एकच, टॅप मारून (नवे आटे पाडून) घ्या.’ टॅप मारण्याआधी इथे विचारावेसे वाटले. प्रत्येक जागी कोणता बोल्ट योग्य, हे ओळखण्याची खात्रीची पद्धत कोणती? शिवाय सगळेच बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घातले तर चालतील का?

लेथवरचा_माणूस, पुणे

टॅप मारू नका, एवढे आधी सांगतो.

दुकानदाराचे म्हणणे जाडीपुरते जवळजवळ खरे आहे आणि घोटाळा तिथेच होतो. अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश इंच, म्हणजेच ७.९४ मिमी. व्हर्नियरवर घासलेला ८ मिमीचा बोल्ट आणि हा अडीच सुती यांत फरक कळणार नाही, परंतु आट्यांमधले अंतर पूर्ण वेगळे असते. ८ मिमीच्या नेहमीच्या बोल्टाचे हे अंतर, म्हणजे पिच, १.२५ मिमी, म्हणजे इंचाला साधारण २० आटे. अडीच सुती बोल्टाला यूएनसी या जाड आट्यांत इंचाला १८ आटे असतात, यूएनएफ या बारीक आट्यांत २४ आणि जुन्या इंग्रजी बीएसएफमध्ये २२. विसाचा बोल्ट अठराच्या भोकात गेला की पहिले दोन-तीन आटे ढिलाईवर निभावतात. पुढे प्रत्येक आटा थोडा थोडा सरकत जाऊन शेवटी बिडाचे आटे खातो. तुम्ही जे वर्णन केले आहे ते हुबेहूब हेच आहे.

तुमची जीप अमेरिकन घराण्याची, त्यामुळे तिचे आटे इंचाच्या मापाचे आणि साठ अंशांच्या कोनाचे आहेत. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये युनिफाइड आट्यांचे प्रमाण मान्य केले. त्याआधीचे अमेरिकन आटे व्यवहारात त्यांच्याशी जुळतात, म्हणून मूळ आराखडा जुना असला तरी आजचा यूएनसी आणि यूएनएफ माल चालतो. ठोकळ नियम असा की बिडात जाणारा बोल्ट बहुधा जाड आट्यांचा आणि नट लावायचा बोल्ट बहुधा बारीक आट्यांचा असतो. तरीही नियमावर विसंबू नका. थ्रेड गेज (आट्यांचे अंतर तपासायची दातेरी पाती) घ्या, तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गेजचे पाते आट्यांत बसवून उजेडासमोर धरा. पात्याच्या बाजूने उजेडाची फट दिसली नाही तरच ते माप खरे. भोकाचे माप घ्यायचे असेल तर ओळखीचा नवा बोल्ट बोटांनी फिरवून पाहा. बोटांनी तळापर्यंत जाईल तोच त्याचा.

एक जागा मात्र आवर्जून तपासा. या इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, हवा आत जाण्याच्या वाटेत लपलेला असतो. तो न काढता हेड उचकटणारे पुष्कळ भेटतात आणि मग तिथे काय घातलेले असेल ते सांगता येत नाही.

डावं_चाक, मुंबई

वरच्या उत्तराशी सहमत आहे; मी फक्त चाकांविषयी लिहितो, कारण तिथे चूक झाली तर प्रश्न जिवाचा असतो.

मूळ हब असतील तर या जीपचे व्हील स्टड (चाकाचे नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे) अर्ध्या इंचाचे, म्हणजे चार सुती, इंचाला वीस आट्यांचे असतात आणि गाडीत बसून पाहिल्यास डाव्या हाताच्या चाकांचे आटे उलटे, म्हणजे नट उलट दिशेने सुटणारे असतात. ‘नट गंजला आहे’ असे समजून डावीकडचे स्टड पिळून तोडलेल्या जीप मी स्वतः पाहिल्या आहेत. असे तुटलेले स्टड बदलताना हाताशी असलेले १२ मिमी, १.२५ पिचचे स्टड ठोकले जातात. जपानी घडणीच्या बऱ्याच गाड्यांना तेच माप असल्यामुळे ते कुठेही मिळतात. आता गंमत पाहा, आणि ही गंमत भीतीदायक आहे: वीस आट्यांचा पिच १.२७ मिमी, म्हणून चार सुती नट त्या स्टडवर न अडकता तळापर्यंत जातो. परंतु जाडीत ०.७ मिमीचा फरक असल्यामुळे आटे जेमतेम निम्मे धरतात. हाताला सगळे घट्ट लागते आणि भार आल्यावर नट आट्यांवरून घसरू शकतो. म्हणून नट फिरला एवढ्यावर समाधान मानू नका. प्रत्येक स्टडची जाडी मोजा, १२.७ च्या जवळ हवी.

पान्यांविषयीही थोडे. अडीच सुती बोल्टाचा माथा अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिमी असतो. त्यावर १३ चा पाना बसतो आणि कोपरे गोल करतो. १९ मिमीचा पाना पाऊण इंचाला चालून जातो, बाकी ठिकाणी इंचाचे पाने वेगळे घ्यावेत.

लेथवरचा_माणूस, पुणे

स्टेनलेसचे राहिले होते. दिसायला छान, परंतु बाजारात सहज मिळणारा ए२-७० हा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कल ताण सोसतो, तर ८.८ हा ८०० सोसतो. शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर घासून मध्येच चिकटतो आणि मग कापावाच लागतो. नंबर प्लेट, काचेची चौकट, पाट्या यांना खुशाल लावा. स्टिअरिंग, ब्रेक, स्प्रिंगचे शॅकल आणि इंजिन माउंटिंग यांना लावू नका.

माथ्यावरच्या खुणाही वाचा. इंचाच्या बोल्टावर तीन रेघा असतील तर ग्रेड ५, म्हणजे ताकदीने ८.८ चा जवळपास भाऊ. सहा रेघा असतील तर ग्रेड ८, म्हणजे १०.९ च्या तोडीचा. कोरा माथा असेल तर साधा मऊ बोल्ट समजावा.

जुनं_ते_तसंच, नाशिक

थोडा मतभेद नोंदवतो. मूळ बोल्ट मऊ होता तिथे ‘अधिक मजबूत तेवढा बरा’ म्हणून सहा रेघांचा घालण्याची जी सवय पडली आहे, ती मला पटत नाही. बॉडीच्या पातळ पत्र्याला साधा बोल्टच योग्य, कारण जोराने आवळल्यावर आधी पत्रा फाटतो. आणि जे मूळ बोल्ट सरळ आहेत व ज्यांचे आटे शाबूत आहेत ते साफ करून, झिंकचा मुलामा देऊन पुन्हा वापरावेत. प्रदर्शनात मांडायची नसली तरी गाडीचा चेहरा त्यातच असतो. फक्त सहा रेघांचे बोल्ट अशा मुलाम्यासाठी, म्हणजे प्लेटिंगला, देऊ नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. तिथे नवेच घ्या. यूएनएफचा माल गावात मिळाला नाही तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा, मात्र नमुन्याचा बोल्ट खिशात घेऊन जा.

उंच_बॉनेट, कोल्हापूर

सर्वांचे मनापासून आभार. काल उद्यमनगरातून थ्रेड गेज आणले. वॉटर पंपाचे तिन्ही बोल्ट अठरा आट्यांचे निघाले आणि चौथा, अपेक्षेप्रमाणे, १.२५ मिमीचा. त्या भोकाचे बाहेरचे आटे खाल्लेले आहेत, आतले शाबूत वाटतात. तरी तिथे तारेचा इन्सर्ट (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून मूळचेच अडीच सुती माप परत आणायचे ठरवले आहे. चाकांचे वीस स्टड मोजले. अठरा १२.७ च्या आसपास आहेत, मागच्या डाव्या चाकाचे दोन १२ चे आणि सरळ आट्यांचे. त्याच चाकावर गेल्या महिन्यात गाडी ढकलत गॅरेजात आणली होती.

उलट आट्यांचे दोन चार सुती स्टड कोणाकडे असतील तर कृपया कळवावे.