जुन्या ट्रकच्या डॅशमधून कंपनीचा स्टिरिओ काढताना: तुमचे अनुभव लिहा

काल शेजारचा मुलगा त्याच्या १९९९ च्या फोर्ड एफ-१५० मधला टेप स्क्रू-ड्रायव्हरने उचकटत होता. बघवेना, म्हणून धागा काढतोय. पॅनेलच्या दोन्ही कडांना दोन-दोन बारीक भोकं असतात. त्यांत टेप काढायच्या खास यू आकाराच्या तारेच्या चाव्या घालायच्या, आत टक् वाजलं की बाहेरच्या बाजूला ताणून धरायच्या आणि डबा सरळ ओढायचा. आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्या दबल्या की सुटतो. आमच्या ट्रकमधला काढला तेव्हा सांडलेला सोडा आणि धूळ यांचा थर बसला होता. बाबा तेव्हा पुण्याहून आलेले, शेजारी बसून एकच घोकत होते, "जोर नको, डावी-उजवी हलव." तसाच निघाला.

ओहायोकर
चाव्या मिळेनात तेव्हा ड्रायक्लीनरच्या तारेच्या हँगरचे तुकडे वाकवले. चालतात. तार जाड बघा, पातळ आतच वाकते.

शेव्हीप्रेमी
आमच्या १९९६ च्या शेव्ही (शेव्हरोले) ट्रकला भोकंबिकं नाहीत! समोरची अख्खी चौकट क्लिपांवर बसलेली. हँडब्रेक ओढा, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा पार खाली घ्या, नाहीतर चौकट त्यालाच अडते. थंडीत आधी हिटर लावून केबिन गरम करा, गारठलेलं प्लास्टिक काडकन तुटतं.

मिनूची आई
मुलं झोपलीत, पटकन लिहिते. आमच्या फोर्ड रेंजर ट्रकच्या टेपमध्ये कॅसेट अडकलेली. डबा निघाल्यावर वरचं झाकण उघडलं, तर भीमसेनजींचे अभंग! सासूबाईंनी पहिल्यांदा येताना आणलेली. सगळे शोधत होतो हो ती.

ओहायोकर
अरे वा! वाजते का अजून?

मिनूची आई
हो! फीत बाहेर आलेली, पेन्सिल घालून गुंडाळली. सासूबाईंना फोनवर ऐकवली, त्या रडल्याच.

टेक्सासचा दादा
थोडा बाहेर येऊन थांबला तर ओढू नका. काही फोर्डांत डब्याच्या मागे खुंटी असते, ती आतल्या खाचेत सरकते. किंचित वर-खाली केलं की सुटते. आणि सुरुवातीलाच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा रे बाबांनो!

वायरवाला
गाडीच्या मूळ वायरी कापू नका, हात जोडतो. मूळ प्लगला नव्या स्टिरिओच्या वायरी जोडणारा अडॅप्टर स्वस्तात मिळतो. बाजारच्या नव्या स्टिरिओला पिवळी म्हणजे कायमचे १२ व्होल्ट, लाल म्हणजे गाडीची चावी फिरवल्यावर येणारे, काळी म्हणजे अर्थिंग. फोर्डच्या मूळ वायरींचे रंग निराळे, तिथे अंदाज नको.

नवीन_सभासद
फ्रेमाँटच्या आसपास कुणाकडे त्या चाव्या आहेत का? उसन्या हव्यात, शनिवारी परत करेन.

शेव्हीप्रेमी
माझ्याकडे आहेत, मित्राच्या फोर्डसाठी घेतलेल्या. सनीव्हेलला या. दोघं मिळून काढू, चहा पिऊनच जायचं.

नवीन_सभासद
नक्की! आईने पाठवलेली चकली आणते.

मिनूची आई
भाजणीची का? मग आम्हीपण येतो 😄