पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत, पुसले तरी परत येतात

शुभ्रकमळ

लॅपटॉप घरचा, विंडोज १०, अँटिव्हायरस म्हणून विंडोजचाच डिफेंडर. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्यापासून ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमधलं प्रत्येक फोल्डर शॉर्टकट झालंय. आयकॉनवर छोटा बाण दिसतो आणि आकार १-२ केबी. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये मात्र २१ जीबी जागा वापरलेली दिसते. शॉर्टकटवर डबलक्लिक केलं की फोल्डर उघडतं, आतल्या फाइली दिसतात. डिफेंडर रोज सांगतो की धोका काढून टाकला, पण पेनड्राइव्ह पुन्हा लावला की परत तेच. दुसरा कोरा पेनड्राइव्ह फॉरमॅट करून लावला, त्यात दोन फाइली टाकल्या, तर त्यांचेही शॉर्टकट झाले.

आत सोसायटीचे हिशेब आणि घरचे फोटो आहेत, दुसरी प्रत नाही. फोल्डरांची नावं मराठीत आहेत. फॉरमॅट केल्याशिवाय हे निघेल का?

चावीचा_जुडगा

फॉरमॅट अजिबात करू नका. २१ जीबी वापरात दिसतेय म्हणजे तुमचा डेटा जागेवर आहे. या वर्म्सची (एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर स्वतःच्या प्रती पसरवणाऱ्या व्हायरसांची) पद्धत ठरलेली असते: मूळ फोल्डरला 'हिडन' आणि 'सिस्टम' असे दोन्ही गुणधर्म लावायचे आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवायचा. शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं 'टार्गेट' वाचा. तिथे फोल्डरचा पत्ता नसेल, सीएमडी (कमांड प्रॉम्प्ट) किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचाच प्रोग्राम) यांना दिलेली लांबलचक आज्ञा असेल. ती आधी स्क्रिप्ट चालवते, मग तुम्हाला शंका येऊ नये म्हणून खरं फोल्डरही उघडून देते. म्हणून यापुढे एकाही शॉर्टकटवर डबलक्लिक नको.

कोरा पेनड्राइव्हही बाधित झाला, याचा अर्थ मुक्काम लॅपटॉपमध्ये आहे. तिथली स्क्रिप्ट नवा ड्राइव्ह लागतोय का हे सतत बघत असते. त्यामुळे आधी लॅपटॉप साफ करायचा, पेनड्राइव्ह त्यानंतर. बहुतेक लोक उलट करतात आणि आठवडाभर त्याच चक्रात अडकतात.

पेनड्राइव्ह काढून ठेवा. डिफेंडर अपडेट करून घ्या आणि मगच वायफाय बंद करा, कारण अशा स्क्रिप्ट बाहेरच्या सर्व्हरकडून हुकूम घेतात. टास्क मॅनेजर उघडून 'डिटेल्स' टॅबवर जा, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक, 'सिलेक्ट कॉलम्स', त्यात 'कमांड लाइन'वर खूण करा. आता डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा सीस्क्रिप्ट चालू दिसली तर तिच्यासमोर स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता दिसेल. बहुधा तो तुमच्या युजर फोल्डरच्या अ‍ॅपडेटा किंवा टेंपमधला असतो. पत्ता लिहून घ्या, प्रोसेस 'एंड टास्क' करा, मग ती फाइल पुसा. क्रम हाच ठेवा. प्रोसेस चालू असताना फाइल पुसलीत तर ती स्वतःची प्रत पुन्हा लिहिते.

मग ती सुरू कुठून होते ते शोधा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून शेल कोलन स्टार्टअप टाइप केलं की स्टार्टअप फोल्डर उघडतं, तिथे प्रत असू शकते. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) 'रन' की आणि ठरल्या वेळी कामं सुरू करणारा टास्क शेड्युलर या बाकीच्या दोन नेहमीच्या जागा. तिन्ही एकत्र बघायला मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' हे मोफत साधन उत्तम. त्यात 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' चालू करा म्हणजे यादी आवाक्यात येते. एक सावधगिरी मात्र हवी: डब्ल्यूस्क्रिप्ट ही खुद्द मायक्रोसॉफ्टची फाइल आहे, तिच्यामार्फत चालणारी नोंद या गाळणीत लपू शकते. म्हणून 'लॉगॉन' टॅब गाळणी काढूनही एकदा वाचा.

शेवटी डिफेंडरच्या 'स्कॅन ऑप्शन्स'मधून ऑफलाइन स्कॅन. लॅपटॉप रीस्टार्ट होतो, विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा.

तिठा

पेनड्राइव्हचं मी सांगतो. लॅपटॉप साफ झाल्यावरच हे करा.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून 'हिडन'ची खूण काढायला जाल तर ती राखाडी दिसेल, दाबली जाणार नाही. 'सिस्टम' गुणधर्म लागलेला असला की विंडोज तो चौकोन बंद ठेवते. म्हणून कमांड प्रॉम्प्ट लागतो. पेनड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाइप करून एंटर करा. ओळीच्या सुरुवातीला तेच अक्षर आलंय याची खात्री करा, कारण पुढची आज्ञा चुकून सी ड्राइव्हवर दिलीत तर विंडोजच्या फाइलींचे गुणधर्मही बदलतील. मग इंग्रजी अक्षरांत अ‍ॅट्रिब हा शब्द आणि पुढे एकेक जागा सोडून: वजा एस, वजा एच, वजा आर, स्लॅश एस, स्लॅश डी. एस आणि एच एकाच आज्ञेत हवेत. नुसतं वजा एच दिलं तर सिस्टम फाइल म्हणून ती नाकारली जाते. शेवटचं स्लॅश डी विसरलात तर फाइली दिसायला लागतील, पण फोल्डर लपलेलेच राहतील.

मराठी नावांची काळजी नको. त्या काळ्या खिडकीत देवनागरीच्या जागी चौकोन दिसतील, तो फक्त फॉन्टचा प्रश्न. या आज्ञेत नाव टाइपच करावं लागत नाही.

फोल्डर दिसू लागले की एक्सप्लोररमध्ये 'डिटेल्स' व्ह्यू घेऊन 'टाइप' रकान्याप्रमाणे क्रम लावा. 'शॉर्टकट' आणि 'व्हीबीस्क्रिप्ट' लिहिलेलं सगळं निवडून पुसा. फाइलनावांची एक्स्टेन्शन दाखवायला सांगितली तरी शॉर्टकटचं एक्स्टेन्शन विंडोज दाखवत नाही, म्हणून नावावर न जाता हा रकाना बघायचा. 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचं फोल्डर दिसेल, ते विंडोजचं आहे, राहू द्या.

काही जातींत मूळ फाइली लपवण्याऐवजी हलवलेल्या असतात, आणि त्या फोल्डरला नावच नसल्यासारखं दिसतं. नावाच्या जागी न दिसणारं स्पेसचं अक्षर असतं. असं बिननावाचं फोल्डर कचरा समजून पुसू नका, तुमचा डेटा त्यातच असेल.

शुभ्रकमळ

मनापासून धन्यवाद. डब्ल्यूस्क्रिप्ट चालू होती, पत्ता अ‍ॅपडेटामधल्या रोमिंगचा, फाइलचं नाव नुसती अक्षरांची सरमिसळ. प्रोसेस थांबवून ती फाइल आणि स्टार्टअपमधली प्रत काढली. पण डिफेंडरच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लुजन्स'खाली (तपासणीतून वगळलेल्या जागांच्या यादीत) अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला आहे. मी तो टाकलेला नाही. शिवाय लॅपटॉप सुरू झाला की 'स्क्रिप्ट फाइल सापडत नाही' अशी खिडकी येते.

खटपट

खिडकीची गोष्ट सोपी: फाइल गेली, तिला हाक मारणारी नोंद राहिली. ऑटोरन्समध्ये त्या फाइलचं नाव शोधा, 'रन' की किंवा शेड्युलरमध्ये सापडेल. ती ओळ पुसली की खिडकी थांबेल.

एक्सक्लुजन मात्र गंभीर आहे, आणि तुमचा मूळ प्रश्नही त्यातूनच उलगडतो. डिफेंडरला पेनड्राइव्हवरची फाइल दिसत होती, ती तो रोज काढत होता; सी ड्राइव्हकडे बघायची त्याला मनाईच होती. ती नोंद काढा आणि पूर्ण स्कॅन नव्याने करा, आधीच्या निकालावर विसंबू नका. सोबत डिफेंडरची सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रामला बदलू न देणारं 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू आहे ना ते बघा. दुसरं मत म्हणून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर चालवा. तो उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, त्यामुळे जुनी प्रत न वापरता ताजा घ्या. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मोफत सफाईची साधनं मिळतात.

अशी नोंद दोन वाटांनी येते. मालवेअर स्वतः टाकतं, किंवा विंडोज वा ऑफिस फुकट चालू करणारा अ‍ॅक्टिव्हेटर टाकतो. लॅपटॉपवर असा अ‍ॅक्टिव्हेटर असेल तर माझं स्पष्ट मत: सफाईत वेळ घालवू नका, विंडोज नव्याने टाका. अ‍ॅडमिनचे हक्क घेऊन चाललेल्या प्रोग्रामने आणखी काय ठेवलंय हे घरबसल्या खात्रीने सांगता येत नाही.

चावीचा_जुडगा

अ‍ॅक्टिव्हेटर असेल तर मीही तेच म्हणेन. नसेल, आणि एक्सक्लुजन काढून केलेले दोन्ही स्कॅन कोरे आले, तर घाई नको. आठवडाभर ती यादी बघत राहा. नोंद आपोआप परत आली तर मात्र पुन्हा इन्स्टॉल करणंच बरं.

तसं करायचं झालं तर किमान ८ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह घेऊन, दुसऱ्या निरोगी संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने इन्स्टॉलर बनवा. 'कीप माय फाइल्स'वालं रीसेट इथे पुरेसं नाही, युजर फोल्डरमधल्या फाइली तशाच राहतात. आधी हिशेब, फोटो, पीडीएफ एवढंच बाहेर काढा. सेटअप फाइली, स्क्रिप्ट आणि शॉर्टकट नकोत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा लॅपटॉप पात्र असेल तर थेट ११ टाका.

पासवर्ड बदलायचे ते मोबाइलवरून, या लॅपटॉपवरून नव्हे. ईमेल पहिला, मग बँक. ईमेलमध्ये 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट'ही करा, कारण ब्राउझरच्या कुकी चोरीला गेल्या असतील तर नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन.

तिठा

पुढच्यासाठी दोन गोष्टी. पेनड्राइव्हवर 'ऑटोरन' नावाचं फोल्डर करून ठेवायचा सल्ला अजून फिरतो. विंडोज ७ पासून पेनड्राइव्ह लावल्यावर प्रोग्राम आपोआप सुरू होत नाही, त्यामुळे त्याचा आज उपयोग नाही. हे वर्म तुमच्या क्लिकवर जगतात.

त्यापेक्षा विंडोज स्क्रिप्ट होस्टच (डब्ल्यूस्क्रिप्ट आणि सीस्क्रिप्ट ज्याचे भाग आहेत तो) बंद करा. रजिस्ट्रीत एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज इथे 'एनेबल्ड' नावाची डीवर्ड नोंद करून किंमत ० द्या. व्हीबीएस फाइली नोटपॅडने उघडायच्या असं ठरवून भागत नाही, शॉर्टकट थेट डब्ल्यूस्क्रिप्टलाच हाक मारतो. घरच्या वापरात याने सहसा काही अडत नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर विचारून करा, तिथे लॉगिनच्या स्क्रिप्ट असू शकतात. पॉवरशेल किंवा डीएलएल वापरणाऱ्या जाती यातून अडत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ ईमेलने पाठवा. ते जमत नसेल तर एसडी कार्ड न्या आणि त्याच्या कडेची लॉकची पट्टी खाली ओढा, बहुतेक कार्डरीडर मग त्यावर काही लिहू देत नाहीत. पेनड्राइव्हच न्यायचा असेल तर फक्त त्या एका पीडीएफपुरता वेगळा ठेवा, आणि घरी आल्यावर न उघडता फॉरमॅट करा.