पोटरीतला गोळा, रग, कळ: एकच दुखणं की वेगवेगळी?

प्रश्न: आईच्या पोटऱ्या बरेच दिवस दुखतायत. ती कधी ‘वांब येतात’ म्हणते, कधी ‘शिरेवर शीर चढली’, तर कधी नुसतं ‘पाय ओढतात’. या सगळ्याचा अर्थ एकच का? डॉक्टरांना काय सांगायचं?

उत्तर: नाही, आणि म्हणूनच तिचे शब्द जसेच्या तसे सांगा. ‘पाय दुखतात’ एवढ्यावर डॉक्टरांना फारसं काही कळत नाही.

वांब, पेटका आणि गोळा हे तिन्ही एकच. स्नायू अचानक आखडतो, पोटरी दगडासारखी घट्ट लागते आणि पायाचा चवडा स्वतःकडे ओढून धरला की हळूहळू सुटते. बहुधा रात्री येतो. वाढतं वय, गरोदरपण, अंगातलं पाणी कमी होणं, काही औषधं ही नेहमीची कारणं. पुष्कळदा कारण सापडतही नाही. ‘शिरेवर शीर चढली’ म्हणतात तेही हेच. तिथे शिरेचा काही संबंध नसतो, आखडतो तो स्नायू.

‘शीर’ हा शब्द फार घोटाळ्याचा आहे. ‘शीर दबली’ म्हणतो तेव्हा मज्जातंतू अभिप्रेत असतो, ‘शिरा फुगल्या’ म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी. दबलेल्या मज्जातंतूची कळ कमरेतून किंवा कुल्ल्यातून निघून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत जाते, तीच सायटिका. फुगलेल्या शिरांनी पाय जड होतात, संध्याकाळी जास्त, आणि उंचावर ठेवले की बरं वाटतं.

‘रग लागणे’ किंवा ‘पोटऱ्या भरून येणे’ हे कुणी म्हटलं तर मी आधी विचारतो, कधी? ठरावीक अंतर चाललं की भरून येतात आणि नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत ओसरतात, असं असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असण्याची शंका घ्यायला हवी. तंबाखू आणि मधुमेह असणाऱ्यांत हे जास्त. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाची तुलना करून ते तपासता येतं; गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर अडथळा धरतात. उभं राहून थांबत नाही, पण बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर थांबतं, तर बहुधा मणक्यातली जागा अरुंद झालेली असते. मुंग्या, बधिरपणा, तळव्यांची आग असेल तर मधुमेह आणि बी-१२ दोन्ही तपासून घ्या.

आणखी एक उत्तर: वरच्यात ‘सूज’ राहिली. एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, विशेषतः शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तेल लावून चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ गाठा.

प्रश्नकर्ती: आईला विचारलं. सूज नाही, चालताना त्रास नाही. रात्रीच गोळे येतात, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाल्यापासून जास्त.

उत्तर: मग हेच वाक्य डॉक्टरांना सांगा. त्या गोळीने क्षार कमी होऊ शकतात, ते सोडियम, पोटॅशियम तपासायला सांगतील. तोवर गोळी आपल्या मनाने बंद करू नका.