एफपीजीएवरचा घरगुती संगणक: चित्र फाटतं, तांबं हिरवं पडतं

मालवणचा_वायरमन:
एफपीजीएत (आतली जोडणी आपण ठरवू शकतो अशी चिप) रिस्क-फाइव्ह (खुल्या आराखड्याचा) प्रोसेसर आणि स्वतः लिहिलेला व्हिडिओ भाग. ६४० × ४८०, ८ बिट. १६ बिटांची एसडीरॅम (मुख्य मेमरी) १०० मेगाहर्ट्झवर. प्रोसेसरवर ताण आला की आडव्या पट्ट्या उठतात. शिवाय पावसाळ्यात खाऱ्या हवेने बोर्डाचं तांबं हिरवं पडतंय. उपाय?

देवगड_१६बिट:
पट्ट्या म्हणजे व्हिडिओला बाइट वेळेवर मिळत नाहीत. पिक्सेलगणिक मेमरी वाचू नका. ६४० बाइटांचे दोन लाइन-बफर (चित्राच्या एकेका ओळीचा तात्पुरता साठा) ब्लॉक रॅममध्ये (एफपीजीएच्या आतली छोटी मेमरी) ठेवा. एक दाखवताना दुसरा भरा. एका ओळीला ३१.८ मायक्रोसेकंद मिळतात; तिचे १६ बिटांचे ३२० शब्द सलग बर्स्टने (एका दमात वाचून) साधारण साडेतीन मायक्रोसेकंदांत येतात. मेमरीची बस (डेटाचा रस्ता) जवळजवळ ९० टक्के मोकळी! फक्त व्हिडिओला पहिला मान द्या आणि प्रोसेसरचे बर्स्ट आखूड ठेवा. १९८५च्या अमिगा संगणकातही चित्राच्या डीएमएला (प्रोसेसरविना थेट मेमरी वाचणाऱ्या भागाला) प्रोसेसरआधी मान होता, ते उगाच नाही.

मालवणचा_वायरमन:
तरी एखादा पिक्सेल चुकतो.

देवगड_१६बिट:
मग मेमरीचं १०० आणि पिक्सेलचं २५.१७५ मेगाहर्ट्झ या दोन घड्याळांच्या सीमेवरचे सिग्नल तपासा. बफर बदलायची खूण पिक्सेलच्या घड्याळावरच्या एकामागोमाग दोन फ्लिप-फ्लॉपमधून (एक बिट धरून ठेवणारं सर्किट) न्या.

वेंगुर्ल्याची_सोल्डर:
तांब्यासाठी: सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण धुवा, बोर्ड नीट वाळवा, मगच अॅक्रिलिक कोटिंग. ओल आत अडकली तर गंज कोटिंगखालीच वाढतो. एचडीएमआय आणि कार्डाचा खाचा कोटिंगआधी कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) झाका. पुढच्या बोर्डाला सोन्याचा मुलामा घ्या.