मदत हवी आहे: नान्तचा आदेश रद्द करताना चौदाव्या लुईला खरी परिस्थिती माहीत होती का?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात युरोपातल्या धर्मयुद्धांवर बोलायचं आहे आणि फ्रान्सचा भाग माझ्याकडे आला आहे. १५७२ ची सेंट बार्थोलोम्यूची कत्तल, चौथा हेन्री, प्रोटेस्टंटांना म्हणजे ह्यूगेनॉटांना उपासनेची मुभा देणारा १५९८ चा नान्तचा आदेश, इथवरचं टिपण तयार आहे. गाडी अडली आहे ती १६८५ पाशी. चौदाव्या लुईने तो आदेश रद्द का केला?

'एक राजा, एक कायदा, एक धर्म' हे नेहमीचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ह्यूगेनॉटांकडून राजाला धोका असता तर समजलं असतं. पण १६२८ मध्ये लुईच्या बापाचा मंत्री रिशल्यू याने ह्यूगेनॉटांचा बालेकिल्ला असलेल्या ला रोशेलची उपासमार करून ते शहर घेतलं, पुढच्याच वर्षी आलेसच्या तहाने त्यांचे किल्ले आणि लष्करी हक्क गेले, उरली ती फक्त उपासना. १६४८ नंतर फ्रोंदच्या बंडात मोठमोठे कॅथलिक सरदार राजावर उलटले तेव्हा ह्यूगेनॉट बहुतांशी एकनिष्ठ राहिले. १६५२ मध्ये राजाच्या जाहीरनाम्यात त्याची दखलही घेतली गेली. शिवकालाच्या अभ्यासात ज्याचं प्रवासवर्णन आपण चाळतो तो फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्नियरही प्रोटेस्टंटच. त्याच्याकडून हिरे घेणाऱ्या याच लुईने १६६९ मध्ये त्याला सरदारकी दिली होती.

मग १६८१ पासून पोआतू प्रांतात ड्रॅगून सैनिक प्रोटेस्टंटांच्या घरांत मुक्कामाला घालायला सुरुवात झाली. घरातलं खायचं, सामान मोडायचं, माणसांना झोपू द्यायचं नाही. धर्म बदलला की सैनिक हलवायचे. तिथला राजाचा प्रांताधिकारी मारियाक धर्मांतरांच्या लांबलचक याद्या वर पाठवत होता. नान्तचा आदेश रद्द करणाऱ्या, ऑक्टोबर १६८५ च्या फॉन्तेनब्लोच्या आदेशाची प्रस्तावना अशाच याद्यांवर उभी आहे. तिचा आशय असा, की प्रोटेस्टंट प्रजेतला चांगला आणि मोठा भाग कॅथलिक झालाच आहे, तेव्हा नान्तच्या आदेशाचा आता उपयोग उरलेला नाही.

माझा प्रश्न इथे आहे. लुईचा यावर खरोखर विश्वास होता का? दरबार १६८२ मध्ये व्हर्सायला गेला. राजाला प्रांत दिसायचे ते अधिकाऱ्यांच्या अहवालांतून, त्यामुळे त्याची फसगत झाली असं काही जण मांडतात. मला हे पटत नाही. पोआतूतल्या जुलमाचा परदेशात बोभाटा झाल्यावर मारियाकला १६८२ मध्येच परत बोलावलं होतं. म्हणजे धर्मांतरं कशी होतात ते राजाच्या कानावर गेलं होतं. तरी तीन वर्षांनी तीच पद्धत बेआर्न आणि लांगदॉकमध्ये आणखी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

आदेशाची कलमंही हेच सांगतात. पाद्र्यांनी पंधरा दिवसांत देश सोडायचा, पण सामान्य प्रोटेस्टंटाने सोडायचा नाही. पळताना सापडलेल्या पुरुषाला गलबतावर वल्ही मारायची शिक्षा. सगळे मनापासून कॅथलिक झाले असते तर सीमेवर पहारा कशाला हवा होता? आणि पहारा असूनही सुमारे दीड ते दोन लाख माणसं हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्गकडे निघून गेली. हे वाचताना मला फार त्रास होतो, आणि गटासमोर 'राजाची गैरसमजूत' म्हणून ते उरकून टाकणं मला जमणार नाही.

पोपशी असलेल्या भांडणातून उत्तर मिळेल, असं मला सध्या वाटतंय. रिकाम्या बिशपपदांच्या महसुलावरच्या हक्कांवरून पोप अकराव्या इनोसंटशी बिनसलेलं, त्यात फ्रेंच धर्मगुरूंनी पोपच्या अधिकाराला मर्यादा घालणारी १६८२ ची चार कलमं. १६८३ मध्ये तुर्कांच्या वेढ्यातून व्हिएन्ना वाचवल्याचं श्रेय पोलंडचा राजा सोबिएस्की याला मिळालं आणि लुई त्यात कुठेच नव्हता. ख्रिस्ती जगात आपणच पहिले हे दाखवायला त्याला घरातले प्रोटेस्टंट सोयीचे पडले असावेत. जाणकारांना हे पटतं का? की मी राजाची दुसरी बायको मांतनोंबाई, त्याचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू (कन्फेसर) ला शेझ आणि युद्धमंत्री लूव्हवा यांचा प्रभाव कमी लेखतोय?

संस्कृतीच्या बाजूनेही एक शंका आहे. मोलिएरच्या 'तार्त्युफ'मध्ये धार्मिक ढोंगाची चिरफाड आहे. १६६४ मध्ये व्हर्सायला तो खेळ पाहिल्यावर लुईने त्याच्या जाहीर प्रयोगांवर बंदी घातली आणि १६६९ मध्ये त्यानेच परवानगी दिली. तो राजा आणि १६८५ चा राजा एकच माणूस, हे श्रोत्यांना कसं समजावून सांगावं?

फ्रेंच वाचणारं कुणी असेल तर प्रस्तावनेतला तो भाग शब्दशः मराठीत करून द्याल का? आणि ह्यूगेनॉटांना परत बोलवा, असं सुचवणारं लुईचा किल्लेबांधणी करणारा अभियंता वोबां याचं १६८९ चं टिपण कुणी मुळातून वाचलं असेल, तर त्यात त्याने दडपून केलेल्या धर्मांतरांबद्दल काय म्हटलंय तेवढं तरी सांगा. दोन ओळींचं उत्तरही चालेल.