अमेरिकेतल्या मंडळाची शिष्यवृत्ती 'फक्त भारतीय वंशाच्या मुलांसाठी' ठेवता येईल का?

कोकणकडा:
न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाला हायस्कूल संपवून कॉलेजात जाणाऱ्या पाच मुलांना प्रत्येकी २००० डॉलर द्यायचे आहेत. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था, म्हणून नोंदलेलं आहे आणि सरकारी अनुदान घेत नाही. मसुद्यातल्या अटी: आईवडिलांपैकी एक तरी भारतीय वंशाचं, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी, सहसा ४ पैकी) किमान ३.५, 'भारतीय संस्कारांनी मला यशस्वी कसं केलं' यावर ५०० शब्दांचा निबंध, आणि निवड झालेल्याने गणेशोत्सवात दहा तास काम करायचं.

कॉलेज प्रवेशात वंश विचारात घ्यायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मनाई केली. कार्यकारिणीत काहींचं म्हणणं, त्या निकालानंतर वंशाची अट घालताच येत नाही. काहींच्या मते तो निकाल कॉलेज प्रवेशापुरता आहे, खाजगी संस्थेला लागू नाही. एक सदस्य असंही म्हणाले की कृष्णवर्णीयांसाठीच्या शिष्यवृत्त्या बंद होताहेत ते योग्यच, त्यात आपल्या मुलांवर अन्याय होत होता. जाणकारांनी तिन्ही मुद्द्यांवर लिहावं.

दस्तऐवज:
२९ जून २०२३ चा हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांविरुद्धचा निकाल राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीवर आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणावर उभा आहे. पहिली सरकारी संस्थांना लागू होते, दुसरं केंद्राचा पैसा घेणाऱ्यांना. तुमचं मंडळ दोन्हींत बसत नाही.

पण १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं कलम १९८१ विसरू नका. करार करताना वंशावरून भेद करायला ते मनाई करतं, आणि खाजगी संस्थांनाही लागू आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कलमातल्या वंशात पूर्वजांचं मूळ आणि वांशिक ओळख हेही येतं. म्हणजे 'भारतीय वंशाचं' हे शब्द नेमके तिथे अडकतात.

करार कुठे आला, असं वाटेल. तो तुमच्या दहा तासांच्या अटीत आहे: पैसे घ्या, बदल्यात काम करा. अटलांटाच्या फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेची कृष्णवर्णीय उद्योजक महिलांसाठी २०,००० डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा होती. अकराव्या सर्किटच्या (केंद्रीय न्यायालयांचा एक प्रादेशिक विभाग) अपील न्यायालयाने जून २०२४ मध्ये ती रोखली, कारण स्पर्धेचे नियम दोन्ही बाजूंना बांधणारे होते. पुढे सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन स्पर्धा बंद झाली. न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटमध्ये असल्याने तो निकाल तुमच्यावर बंधनकारक नाही, पण तिथलं न्यायालय तो वाचेलच.

तेव्हा वंशाची अट काढा आणि तिच्या जागी केलेलं काम ठेवा: 'मराठी शाळेत दोन वर्षं शिकलेला किंवा कोणत्याही सांस्कृतिक संस्थेत ४० तास स्वयंसेवा केलेला विद्यार्थी, वंश कोणताही.' आणि ते खरोखर पाळा. आडनावं बघून अर्ज चाळले तर कागदावरची अट काही वाचवणार नाही. सचिवाने अर्जांना क्रमांक द्यावेत, नावं झाकावीत आणि मगच ते परीक्षकांकडे पाठवावेत. दहा तासांची अट काढून टाका.

करखात्यासाठी निकष आधीच लेखी ठरवा, निवड समितीच्या नातलगांना वगळा, आणि कोणाला, किती, कशाच्या आधारे दिले याची नोंद जपा. तुमचा दर्जा 'प्रायव्हेट फाउंडेशन' (सहसा एका कुटुंबाच्या किंवा कंपनीच्या पैशावर चालणारी संस्था) असेल तर पैसे वाटण्याआधी आयआरएसची, म्हणजे केंद्रीय करखात्याची, मंजुरी लागते. 'पब्लिक चॅरिटी' (लोकांच्या देणग्यांवर चालणारी) असाल तर लागत नाही. मान्यतेच्या पत्रात काय लिहिलंय ते आजच बघा.

पाटी_पेन्सिल:
अन्यायाच्या मुद्द्यावर. वंशाच्या अटी कृष्णवर्णीयांपासून सुरू झालेल्या नाहीत. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथेच १९२० पासून आयोवा राज्यातल्या फक्त श्वेतवर्णीयांसाठीची रॉबर्ट्स फेलोशिप होती. मृत्युपत्रातली ती अट रद्द करून घेण्याचा अर्ज न्यायालयात २०१३ मध्ये गेला. दात्याने लिहिलेली ओळ पुसायला एवढी वर्षं लागतात, हे मंडळानेही ध्यानात ठेवावं. अटी ठरावात लिहाल तर कार्यकारिणी त्या बदलू शकते, देणगीपत्रात बांधल्यात तर अवघड जातं.

कृष्णवर्णीयांसाठीच्या शिष्यवृत्त्यांनाही पहिला धक्का २०२३ चा नाही. मेरीलँड विद्यापीठाची बॅनेकर शिष्यवृत्ती चौथ्या सर्किटने १९९४ मध्ये रद्द केली. राज्यातल्या पूर्वीच्या भेदभावाची भरपाई हे विद्यापीठाचं एक मुख्य कारण होतं, पण शिष्यवृत्ती राज्याबाहेरच्या मुलांनाही मिळत होती. कारण आणि अट यांचा सांधा जुळला नाही.

म्हणून ते कारणच खोटं होतं असं मात्र होत नाही. 'गरिबी बघा, वंश नको' हा पर्याय ऐकायला सरळ वाटतो, पण एफएएफएसएच्या (कॉलेजसाठी केंद्राची आर्थिक मदत मागण्याचा फॉर्म) अर्जात राहत्या घराची किंमत मोजतच नाहीत. एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या घरात, आणि दुसऱ्याच्या आजोबांना, कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून नकाशावर तिच्याभोवती धोक्याची लाल रेघ ओढल्यामुळे, गृहकर्जच मिळालं नाही. दोघांचं उत्पन्न सारखं असेल तर त्या अर्जात हा फरक दिसणार नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये जनमताने सरकारी कॉलेजांच्या प्रवेशातला वंशविचार बंद केला. तिथल्या राज्य विद्यापीठाने नंतर सर्वोच्च न्यायालयाला कळवलं की पर्यायी उपायांवर ५० कोटी डॉलरहून जास्त खर्चूनही हवी तशी विविधता आलेली नाही. 'आपल्यावर अन्याय' म्हणणाऱ्या सदस्यांनी हे वाचावं.

उंबरठा:
मला सगळ्यात जास्त खटकला तो निबंधाचा विषय. त्यात उत्तर आधीच ठरलेलं आहे: भारतीय म्हणजे यशस्वी. असा शिक्का चांगला वाटला तरी तो शिक्काच.

अमेरिकेत भारतीय पुढे दिसतात त्यात १९६५ च्या स्थलांतर कायद्याचा आणि नंतरच्या व्हिसांचा मोठा वाटा आहे. शिकलेल्यांना निवडून आत घेतलं. 'आशियाई' या एकाच चौकटीत निर्वासित म्हणून आलेले ह्मोंग (लाओसमधली एक जमात), कंबोडियन आणि भूतानी नेपाळीही मोजले जातात, आणि सरासरीखाली त्यांची मुलं झाकली जातात. भारतीयांतही मोटेल किंवा गॅस स्टेशनवर राबणारी कुटुंबं आहेत.

हार्वर्डच्या खटल्यात हाच शिक्का आपल्या मुलांवर उलटलेला दिसला. आशियाई अर्जदारांचे अभ्यासाचे गुण जास्त, पण स्वभाव, धैर्य, आपुलकी यांवरच्या 'पर्सनल रेटिंग'मध्ये ते खाली. प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या गुणांत तेवढी तफावत नव्हती. शिक्षकांच्या शिफारसपत्रांचा यात हात असू शकतो, असं याच खटल्यातल्या खालच्या न्यायालयाच्या २०१९ च्या निकालात म्हटलं आहे. म्हणून मंडळ शिफारसपत्र मागवणार असेल तर 'मेहनती, शांत, गणितात हुशार' अशी विशेषणं नकोत, घडलेला एक प्रसंग लिहा, अशी सूचना फॉर्मवरच छापा.

अर्जाच्या सुरुवातीला वंशाची चौकट नको. मानसशास्त्रज्ञ स्टील आणि अ‍ॅरनसन यांच्या १९९५ च्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगात, ही बुद्धीची परीक्षा आहे असं सांगितल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी घसरली, तसं न सांगता बरीच सुधारली. हे आकडे विद्यार्थ्यांचे आधीचे एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) गुण हिशेबात धरून काढलेले आहेत. 'शिक्का काढला की कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीयांतला फरक शून्य' असं जे सांगितलं जातं ते चूक आहे, आणि नंतरच्या प्रयोगांत परिणाम बराच कमी दिसला. तरी चौकट पुढे ठेवून फायदा काहीच नाही.

विषय असा द्या: 'घरात किंवा वस्तीत तुम्ही अंगावर घेतलेली एक जबाबदारी आणि त्यात काय चुकलं.' सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी २०२३ च्या निकालातच म्हटलंय की वंशामुळे आलेला अनुभव विद्यार्थ्याने स्वतः लिहिला तर विद्यापीठ तो व्यक्तीचा अनुभव म्हणून विचारात घेऊ शकतं. ज्याला लिहायचंय तो लिहील.

कोकणकडा:
फार उपयोगी. वंश आणि दहा तास काढतो, निबंध बदलतो. जीपीए ३.५ ठेवावा का? आणि चेक मुलांच्या नावाने द्यायचा का?

दस्तऐवज:
जीपीए ३.० करा आणि 'अनवेटेड' (अवघड वर्गांना जादा गुण न धरता काढलेला) असं लिहा. नाहीतर एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) वर्ग भरपूर असलेल्या शाळांची मुलं आपोआप वर जातात. संध्याकाळी नोकरी करणाऱ्यांसाठी आठवड्याचे कामाचे तास लिहायला जागा ठेवा.

चेक कॉलेजच्या नावाने, विद्यार्थी क्रमांकासह, ऑगस्टच्या बिलाआधी. सोबत पत्र द्या की ही रक्कम आधी कर्जातून किंवा वर्क-स्टडीतून (मदतीचा भाग म्हणून दिलेलं अर्धवेळ काम) वजा करावी. काही कॉलेजं बाहेरची मदत आली की स्वतःचं अनुदान तेवढंच कापतात, आणि मग तुमचे २००० डॉलर मुलाला न मिळता कॉलेजलाच मिळतात.